घरातले क्षार : काय मिसळावे आणि काय कधीच मिसळू नये



घरातल्या फळीवर एकदा नजर टाका. मिठाची बरणी, खाण्याचा सोडा, तुरटीचा खडा. मोरीत धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडरची पुडी, संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली. आजीच्या पानाच्या डबीत चुना. औषधांच्या डब्यात ओआरएसची पाकिटे आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या. ॲसिड आणि चुना सोडला तर यातल्या बहुतेक वस्तूंना विज्ञानाच्या पुस्तकात एकच नाव आहे, क्षार. दहावीला ‘दुहेरी विस्थापन’ नावाचा धडा आपल्या मुलामुलींनी पाठ केलेला असतो. दोन गुणांसाठी समीकरण लिहायचे आणि परीक्षा संपली की विसरायचे. पण तोच धडा रोज मोरीत, हंड्यात आणि आपल्या पोटात चालू असतो. कधी त्याने जीव वाचतो, कधी छाती जळते, आणि कधी त्याच्याच जोरावर एखादा विक्रेता दारात उभा राहून आपल्याला हजारो रुपयांना फसवतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. मीठ पाण्यात विरघळते म्हणजे नाहीसे होत नाही. त्याचे दोन भाग सुटे होतात, सोडियम आणि क्लोराइड, आणि पाण्यात मोकळे फिरू लागतात. एकावर धन विद्युतभार असतो, दुसऱ्यावर ऋण. कोणताही क्षार पाण्यात विरघळला की असेच होते. आता एकाच पाण्यात दोन क्षार टाकले, तर चार भाग मोकळे फिरतात आणि कोणालाही कोणाशीही जोडी जमवता येते. मग तीनपैकी एक गोष्ट घडते.

पहिली, काहीच घडत नाही. मिठाच्या पाण्यात खाण्याचा सोडा ढवळा. पाणी नितळच राहते. सगळे भाग मोकळेच फिरत राहतात, कारण त्यांची कोणतीही जोडी पाण्याबाहेर पडणारी नसते.

दुसरी, साका तयार होतो. बोअरचे पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून ढवळा. पाणी दुधाळ होते आणि थोड्या वेळाने तळाला पांढरी पूड बसते. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि सोड्यातले कार्बोनेट यांची जोडी जमली. ही जोडी पाण्यात विरघळत नाही. खडू म्हणजे मुख्यतः हेच. त्यावर लिंबू पिळले तर फसफसून बुडबुडे येतात. (हे पाणी प्यायचे नाही, फक्त पाहायचे. हातही नंतर धुवावेत.)

तिसरी, वायू सुटतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर आणि ओला चुना एकत्र केला की नाकात झोंबणारा वास येतो, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तो अमोनिया वायू.

काही नाही, साका किंवा वायू. घरातल्या कोणत्याही दोन वस्तू पाण्यात एकत्र करण्याआधी यातले काय होणार, एवढे माहीत असले तरी पुष्कळ झाले.

ब्लीचिंग आणि ॲसिड

सगळ्यात आधी जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आपल्या वस्त्यांतील कितीतरी बहिणी आणि भाऊ साफसफाईच्या कामाला जातात. दवाखाने, मॉल, कार्यालये, सोसायट्या, शाळा. कामाच्या ठिकाणी संडास-बाथरूम धुण्यासाठी दोन गोष्टी हमखास असतात, ब्लीचिंग (पावडर किंवा पातळ) आणि ॲसिड. डाग निघत नसला की मुकादम म्हणतो, दोन्ही टाक. घरीही काही जण असेच करतात. दोन जोरदार वस्तू एकत्र आल्या म्हणजे दुप्पट स्वच्छता, असा समज असतो.

प्रत्यक्षात उलटे होते. ब्लीचिंगमध्ये क्लोरीन बांधून ठेवलेला असतो. पाण्यातले जंतू तो हळूहळू मारतो. पण ॲसिड पडले की हा बांधलेला क्लोरीन एकदम वायू होऊन सुटतो. हिरवट पिवळा, उग्र वासाचा. हाच वायू पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्र गावाजवळ जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर सोडला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, त्यामुळे वर उडून जात नाही, खाली जमिनीलगत साठतो. चार बाय चारच्या बाथरूममध्ये वाकून फरशी घासणारी बाई नेमकी त्याच उंचीवर श्वास घेत असते. आणि वायू सुटला म्हणजे ब्लीचिंगचे कामही संपले. फरशी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त फुप्फुस पोळते.

संडास धुण्याच्या बाजारातल्या निळ्या-हिरव्या पातळ औषधांतही बहुधा तेच ॲसिड असते. त्यामुळे ‘आम्ही ॲसिड वापरत नाही, हार्पिक वापरतो’ असे म्हणून ब्लीचिंग टाकणे हीसुद्धा तीच चूक. सार्वजनिक मुताऱ्यांत आणखी एक धोका आहे. साचलेल्या लघवीत अमोनिया असतो, आणि ब्लीचिंग व अमोनिया एकत्र आले की दुसरा एक विषारी वायू तयार होतो. तिथे आधी भरपूर पाणी ओतून धुवावे, मगच ब्लीचिंग टाकावे.

म्हणून नियम साधा आहे. एका वेळी एकच वस्तू. ॲसिड वापरले तर ते पूर्ण धुऊन जाऊ द्या. ब्लीचिंग दुसऱ्या दिवशी टाका. एकाच बादलीत, एकाच डब्यात, एकाच पोछ्यावर दोन्ही नकोत. दार-खिडकी उघडी ठेवा. मुकादम ऐकत नसेल तर चार जणींनी मिळून सांगा. हातमोजे, तोंडाला मास्क आणि हवा खेळती असलेली जागा देणे ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे, मेहरबानी नव्हे. कापडी मास्क किंवा तोंडावर बांधलेला पदर या वायूला अडवत नाही, हेही लक्षात असू द्या.

तरीही वायू सुटला आणि डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, छाती आवळली, तर बादली आवरत बसू नका. आहे तिथे टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धूत राहा. कपड्यांवर उडाले असेल तर कपडे बदला. श्वासाला त्रास होत असेल तर १०८ वर फोन करा. बरे वाटले तरी दवाखान्यात दाखवा, कारण काही वेळा फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढतो. डॉक्टरांना नेमके सांगा की कशात काय मिसळले होते.

एक गोष्ट जाता जाता. सुटे ॲसिड बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून देणारे दुकानदार अजून आहेत आणि घेणारेही आपणच आहोत. लहान मूल तहानले की बाटली उचलते. ॲसिड पोटात गेले तर उलटी करायला लावू नये. जाताना जेवढे जळते तेवढेच येतानाही जळते. थेट रुग्णालयात न्यावे.

पाण्यातले क्षार आणि दारात येणारा विक्रेता

आता पाण्याकडे येऊ. इथे भीती जास्त आणि माहिती कमी अशी अवस्था आहे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा आहे. पाणी या खडकांतून झिरपत खाली जाते आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. म्हणून विहिरीचे आणि त्याहून जास्त बोअरचे पाणी ‘जड’ लागते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, भांड्यांवर पांढरे डाग राहतात. साबणसुद्धा एक क्षारच आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. जड पाण्यातले कॅल्शियम त्याच्याशी जोडी जमवते आणि चिकट, न विरघळणारा मळ तयार होतो. म्हणजे आपण साबण घासतो तो आधी पाण्यातल्या क्षारांशी भांडण्यात खर्च होतो, अंगाच्या वाट्याला उरलेला येतो. जड पाण्याच्या वस्तीत साबणाचा खर्च जास्त होतो तो याच कारणाने.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतात, तेव्हा मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. सारख्या आकाराच्या तीन बाटल्या. एकीत मोकळ्या जागी भांडे ठेवून धरलेले पावसाचे पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत बोअरचे. तिन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच तुकडा टाका आणि दहा-दहा वेळा हलवा. पावसाच्या पाण्यात फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत येतो. बोअरच्या पाण्यात फेसाऐवजी वर साय धरल्यासारखा थर दिसतो. (कपड्यांची डिटर्जंट पावडर घेतली तर हा फरक नीट दिसणार नाही, तिची घडण वेगळी आहे.)

जड पाणी पिऊन काय होते? खरे सांगायचे तर बहुतेकांना काही होत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या निकषात पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातही. मुतखडा जड पाण्यानेच होतो, असे सरसकट म्हटले जाते. मुतखड्याचे मोठे कारण आहे पाणी कमी पिणे. बांधकामावर, भट्टीवर, उन्हात काम करणारा माणूस दिवसभर दोन ग्लासांवर काढतो. लघवी घट्ट होते. तिच्यात कॅल्शियम आणि ऑक्झलेट ही जोडी दाटीने असली की साका धरते आणि खडा होतो. बायका तर कामाच्या ठिकाणी संडास नसतो म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. तिथे दोष पाण्याच्या जडपणाचा नाही, संडास न देणाऱ्यांचा आहे. लघवी पांढरट पिवळी होईल इतके पाणी प्यावे, हा साधा अंदाज.

आणि आता तो विक्रेता. गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. तो आपल्या हंड्यातले पाणी एका ग्लासात घेतो, स्वतःच्या यंत्राचे पाणी दुसऱ्या ग्लासात. दोन्हींत लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या सळ्या सोडतो आणि विजेचे बटण दाबतो. एक-दोन मिनिटांत आपले पाणी हिरवट, मग तपकिरी होते, वर घाण तरंगते. त्याचे पाणी जवळपास तसेच राहते. घरातल्या बायका घाबरतात. ‘हेच रोज तुमची लेकरे पितात,’ असे तो म्हणतो. मग हप्त्यावर यंत्र.

ही घाण पाण्यातली नाही, सळ्यांची आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते, तिचे लोह पाण्यात उतरते आणि तिथल्या तिथे त्याचा गंजासारखा साका तयार होतो. त्याच्या ग्लासातले क्षार आधीच काढून टाकलेले असतात, त्यामुळे वीज वाहत नाही, सळई झिजत नाही आणि पाणी स्वच्छ दिसते. एवढीच जादू. पुढच्या वेळी तो आला की त्याला अडवू नका, प्रयोग करू द्या. मग त्याच्या त्या शुद्ध ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता परत बटण दाबा. आपल्या चुलीवर उकळून गाळलेले, एकही जंतू नसलेले पाणीसुद्धा त्या सळ्यांखाली तपकिरीच होईल.

दुसरे हत्यार म्हणजे टीडीएसचा मीटर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मोजदाद. मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चांगले. मीटर क्षार मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत. ओआरएसच्या पाण्यात हा मीटर बुडवला तर आकडा हजारांत जाईल, आणि ते पाणी जुलाबाच्या लेकराचा जीव वाचवते. उलट मुंबईत येणारे तलावांचे पाणी मुळातच कमी क्षारांचे. गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपातून त्यात थोडी घाण मिसळली, तर मीटरचा आकडा बघून काही कळणार नाही. आपल्या वस्त्यांत माणसे आजारी पडतात ती बहुतेक वेळा अशा पाण्याने. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर हे क्षारांचे आजार नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली पर्यावरण मंत्रालयाला आदेश दिला होता, की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ यंत्रांच्या वापरावर बंदी घालावी. कारण ही यंत्रे एक हंडा पाणी देताना साधारण दोन-तीन हंडे पाणी बाहेर फेकतात. जिथे पाण्यासाठी रांग लागते तिथे हे परवडणारे आहे का, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत, नाही.

आरओ लागतच नाही असे आमचे म्हणणे नाही. पाणी खारे असेल, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर लागते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते. त्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे कडक होऊन पाठ वाकते. मानकात त्याची शेवटची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. हे तपासायला विक्रेत्याची पेटी उपयोगाची नाही. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवावा. फ्लोराइड काढायची एक स्वस्त पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेच शोधली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात आणि तिची सामग्री आहे तुरटी व चुना. पण प्रमाण मोजून घ्यावे लागते. घरी अंदाजाने करू नये.

तुरटीचे काम

तुरटी गढूळ पाणी स्वच्छ करते हे कोणाला सांगायला नको. पण कशी करते? तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांशी भिडले की खिमटीसारखा, जेलीसारखा साका तयार होतो. त्या साक्यात मातीचे बारीक कण अडकतात, जड होतात आणि तळाला बसतात. म्हणजे इथे साका होणे हेच आपल्याला हवे असते.

पण तुरटी फिरवली म्हणजे पाणी पिण्याजोगे झाले, हा समज काढून टाका. काही जंतू गाळाबरोबर खाली बसतात, बाकीचे नितळ पाण्यात जिवंत असतात. पाणी निवळल्यावर वरचे वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, मग चांगले खदखदून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाका. क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात आधीच क्लोरीन टाकले तर तो मातीशी आणि कचऱ्याशी भांडण्यात संपतो, जंतूंसाठी उरत नाही. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. पाकिटावर किती लिटरला एक गोळी ते लिहिलेले असते, तेवढीच टाका. ब्लीचिंग पावडरची पुडी उघडी राहिली तर हवेने आणि ओलीने तिचा जोर जातो. तिला उग्र वास येत नसेल तर ती चुन्याहून फार वेगळी उरलेली नाही, असे समजा.

उकळल्यावर पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. लोक त्याला घाबरतात. तोही खडूच आहे, पाण्यातून बाहेर पडलेला. थोडी चिंच किंवा लिंबू घासले की निघतो.

जे क्षार एकमेकांशी भांडत नाहीत

आतापर्यंत साका आणि वायू पाहिले. आता ‘काहीच न घडणे’ किती मोलाचे असते ते पाहू.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे भरून घेतली. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. हे पाणी आया-बहिणींनीच आपापल्या माणसांना घोटघोट पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

हे पाणी का चालते? जुलाबात आतडे नुसते पाणी शोषून घेत नाही. पण साखर आणि सोडियम जोडीने आले तर आतड्याची भिंत त्यांना आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. पाकिटातले क्षार असे निवडले आहेत की पाण्यात त्यांचा एकमेकांशी साका होत नाही. सगळे भाग मोकळे राहतात आणि शरीराला मिळतात. पुढे पाकिटात एक बदल झाला. खाण्याचा सोडा दमट हवेत ग्लुकोजशी भिडून पूड तांबूस करत असे, म्हणून त्याच्या जागी सायट्रेट घेतले गेले. आजच्या पाकिटात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते.

हे आकडे पाठ करायचे नाहीत. पण इतके मोजून केलेल्या गोष्टीत आपण भर घालू नये, हे मात्र कळायला हवे. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये. अर्धे पाकीट, एक कप पाणी, असे नको. दुधात, थंड पेयात, सरबतात नको. चव लागत नाही म्हणून वरून साखर नको, मीठ तर मुळीच नको. मीठ जास्त झाले तर लेकराच्या अंगातले पाणी आणखी ओढले जाते. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पाकीट मिळाले की पाकीटच. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, काहीच पीत नसेल किंवा शौचात रक्त असेल तर घरी थांबू नका.

सलाईनचे नाव निघाले म्हणून एक. ‘डॉक्टर, ताकदीची सलाईन लावा आणि त्यातच इंजेक्शन टाका’ असा आग्रह आपल्याकडे होतो. काही सलाईनमध्ये कॅल्शियम असते आणि काही प्रतिजैविकांशी त्याचा साका धरतो. सेफ्ट्रियाक्झोन नावाचे औषध आणि कॅल्शियम एकत्र गेल्याने तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत साका अडकून मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. काय कशात मिसळायचे ते डॉक्टरांवर सोडा. आग्रह करू नका.

लाल गोळी, पांढरी गोळी आणि चहा

गरोदर बहिणींना चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी १८० दिवस रोज एक आणि कॅल्शियमच्या गोळ्या रोज दोन मिळतात. पुष्कळ जणी विसरायला नको म्हणून तिन्ही एकदम चहाबरोबर घेतात. गोळ्या पोटात जातात, पण लोह रक्तात जात नाही. कॅल्शियम लोहाला आतड्यात अडवते, आणि चहातला तुरट अंश लोहाशी काळा साका करतो. जुन्या काळी हिराकस आणि हिरडा एकत्र करून काळी शाई बनवत, तिथे हेच घडत असे. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. विश्वास बसत नसेल तर एक गोळी कुटून कोऱ्या चहात टाका आणि रंग पाहा.

म्हणून वेळा वेगळ्या ठेवा. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर. लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. लिंबाने लोह जास्त शोषले जाते. गोळीच्या आधी-नंतर निदान तासभर चहा नको, दूध नको. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, ते गोळीमुळेच, घाबरून ती बंद करू नका. मळमळ फार होत असेल तर आशाताईंना सांगा. झोपण्याच्या अगदी आधी घेतली तर बऱ्याच जणींना ती सोसते.